‘आठवड्याला दोन तास’ हे गणित बसत नाही

बोर्डगेम, आरपीजी अशा टेबलावर खेळायच्या छंदखेळांच्या पुरस्कारांचं परीक्षण म्हणजे काय, तर खेळ फुकट मिळतात, शनिवार-रविवारी खेळायचे आणि गुण द्यायचे. आठवड्याला दोन-तीन तास पुरतात, असं सर्रास सांगितलं जातं. या भरवशावर नाव देणारे मध्येच गळतात आणि त्यांचा भार उरलेल्यांवर पडतो. म्हणून या दाव्यातला एकेक मुद्दा तपासायलाच हवा.

‘दोन-तीन तास पुरतात.’ टेबलटॉप आरपीजी, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं वठवत, फासे टाकत कथा पुढे नेण्याचे खेळ; त्यांच्यासाठीचे एनी पुरस्कार घ्या. लोकांनी मतं देऊन निवडलेले पाच परीक्षक नामांकनं ठरवतात, विजेते मात्र जनमताने ठरतात. त्या पाचांपुढे प्रवेशिका शेकड्यांनी येतात. २५० पानांचं नियमपुस्तक तासाला ३० पानांच्या वेगाने वाचलं तरी आठ तास जातात. अशी ४० पुस्तकं म्हणजे ३२० तास, पाच महिन्यांत वाटले तर आठवड्याला १५ तास. आणि यात अजून एकही डाव खेळलेला नाही.

‘एकदा खेळलं की कळतं.’ बोर्डगेममध्ये पहिला डाव बऱ्याचदा चुकीचाच होतो. हातात जास्तीत जास्त सात पत्ते ठेवायचे, ही ओळ गुण मोजताना सापडते आणि अख्खा डाव बाद धरावा लागतो. शिवाय चौघांत रंगणारा लिलावाचा खेळ दोघांत निर्जीव होतो, पाच जणांत आपली पाळी येईपर्यंत कंटाळा येतो; म्हणून वेगवेगळ्या खेळाडूसंख्येने किमान तीन डाव हवेत. टोकन सुटे करणं आणि नियम वाचणं दीड तास, मग मांडणी-समजावणीसकट अडीच तासांचा एकेक डाव. म्हणजे एका खेळाला नऊ तास, तेही चार जणांच्या सवडी जुळल्या तर.

‘चाळलं तरी चालतं.’ हे अर्धं खरं आहे. नकाशांच्या संचाला पंधरा मिनिटं पुरतात. पण आरपीजीसाठी लिहिलेल्या तयार कथेचा, म्हणजे अ‍ॅडव्हेंचरचा दोष आत दडलेला असतो: पुढचा सगळा प्रवास ज्या एका धाग्यावर उभा, तो फासे नीट पडले तरच मिळतो, नाही पडले तर कथा तिथेच अडते. हे शेवटपर्यंत वाचल्याशिवाय दिसत नाही.

‘काम सवडीने होतं.’ प्रवेशिका शेवटच्या मुदतीजवळ ढिगाने येतात. त्यामुळे पीडीएफ हाती आली त्याच दिवशी वाचायला घ्यावी. डाव संपला त्याच रात्री खेळाडू किती, वेळ किती, कोणता नियम अडला, हे लिहून ठेवावं. आठवड्याने दोन खेळ डोक्यात एकमेकांत मिसळतात. शिवाय महिन्याभरात गुणांची पट्टी सरकते, तेव्हा पहिल्या पाच प्रवेशिका पुन्हा काढून जुने गुण पडताळावे लागतात. हाही वेळ कुणी धरत नाही.

राहिलं ‘गुण दिले की सुटका.’ गुणांनंतर चर्चा असते. वीस विभागांना पाऊण-पाऊण तास दिला तरी पंधरा तास होतात. त्यातच एखाद्या प्रवेशिकेशी परीक्षकाचा संबंध निघाला तर तो त्या चर्चेतून बाजूला होतो, आणि त्याच्या वाटचं पुस्तक दुसऱ्या कुणाला पहिल्या पानापासून वाचावं लागतं.