मणक्यात कॅन्सर गेला की ऑपरेशन फुकट? त्या फॉरवर्डबद्दल थोडं

तोच मेसेज आज तिसऱ्या ग्रुपवर आला. म्हणे ब्रेस्ट कॅन्सर मणक्यात गेला की खेळ खलास, ऑपरेशनचा उपयोग नाही, चाकू लागला की अजून पसरतो, पेशंट कायमचा अंथरुणाला खिळतो आणि रेडिएशनवर सगळं भागतं. थोडं खरं आहे त्यात, म्हणूनच जास्त डेंजर.

१) "चौथ्या स्टेजला कशाला चिरफाड?"
चौथी स्टेज बरोबर, ऑपरेशनने कॅन्सर जात नाही हेही बरोबर. पण हे ऑपरेशन पाय वाचवायला असतं हो! गाठ हाड पोखरते, मणका खचतो किंवा गाठच मज्जारज्जूवर दाबते, मग पाय जड होतात, चप्पल निसटली तरी कळत नाही, लघवी अडकते. २००५ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात पॅचेल आणि सहकाऱ्यांचा १०१ पेशंटचा अभ्यास आला (वेगवेगळे कॅन्सर होते, नुसता ब्रेस्टचा नाही). ऑपरेशन अधिक रेडिएशन घेतलेल्यांत ८४ टक्के उपचारानंतर चालू शकत होते, नुसतं रेडिएशन घेतलेल्यांत ५७. आधीच चालणं बंद झालेल्यांत ६२ विरुद्ध १९. याला उपयोग नाही म्हणायचं?

२) "चाकूने पसरतो"
अहो, तो मणक्यात रक्तातूनच आलाय, पसरायचा तो आधीच पसरलाय. उलट तिथला तुकडा तपासला तर कामच होतं, कारण हार्मोन रिसेप्टर किंवा हर-टू (कॅन्सरच्या पेशींवरच्या खुणा, ज्यांवरून औषध ठरतं) कधीकधी मूळ गाठीपेक्षा वेगळं निघतं आणि औषधच बदलतं.

३) "अंथरुणाला खिळतो"
ही भीती अगदीच हवेतून आलेली नाही. पूर्वी नुसती लॅमिनेक्टॉमी करायचे, म्हणजे मणक्याची मागची कमान काढायची, आणि गाठ तर बहुतेकदा पुढच्या हाडात, म्हणजे पुढचा खांब पोखरलेला आणि मागचा आधारही आपणच काढला, मणका डळमळणारच. आता स्क्रू-रॉड लावून आधी आधार देतात, मज्जारज्जूभोवती काही मिलिमीटर मोकळी जागा करतात आणि उरलेल्या गाठीवर नेमकं रेडिएशन देतात, सगळी गाठ खरवडून काढायचा हट्ट नसतो.

४) "रेडिएशनवर भागतं"
बऱ्याच जणींचं भागतं, खरंच. ब्रेस्टच्या गाठी रेडिएशनला बऱ्यापैकी दाद देतात, हार्मोनच्या गोळ्याही असतात, सगळ्यांना ऑपरेशन लागत नाहीच. पण मोडलेलं हाड रेडिएशनने सावरत नाही. आडवं पडलं की बरं, उठून बसलं की जीव जातो, कूस बदलताना किंचाळी, असं दुखणं असेल तर मणका सैल झाल्याचा संशय घ्यायचा. त्यासाठी १८ पैकी मार्क देणारा सिन्स स्कोअर आहे, १३ किंवा वर म्हणजे अस्थिर.

धोके आहेतच. रेडिएशन आधी झालेलं असेल तर जखम भरायला त्रास, इन्फेक्शन. तब्येत फार खालावलेली असेल, हाती थोडेच आठवडे असतील तर सर्जन स्वतःच नको म्हणतात.

मला राग येतो तो वेळेचा. वरच्या अभ्यासात पाय पूर्ण गेलेल्यांपैकी ४८ तासांच्या आतलेच पेशंट घेतले होते, कारण त्यानंतर पाय परत येणं अवघड. आणि पाय जड झालेत, पण "आता काय उपयोग" म्हणून घरातले सोमवारपर्यंत थांबतात.