प्रत्येकी सहा लाख

आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात झालेला वाद अजून माझ्या डोक्यातून जात नाही. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या एका पतसंस्थेत झालेल्या अपहाराचा निकाल लागला. न्यायालयाने चौघांना दोषी ठरवले, शिक्षा सुनावली आणि ठेवीदारांना भरपाई म्हणून प्रत्येकी सहा लाख रुपये भरण्याचा आदेश दिला. त्यांतले एक माजी संचालक आमच्या मामेभावाचे सासरे आहेत. त्यांनी पैसे भरल्याची पावती मामेभावाने ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिले, "अण्णांनी आपला हिस्सा भरला आहे. आता त्यांच्याकडे कोणी बोट दाखवू नये." त्यावर पटापट अंगठे आले. उरलेल्या तिघांपैकी व्यवस्थापकाचा फ्लॅट बायकोच्या नावावर आहे, रोखपालाकडे काही उरलेले नाही आणि तिसरा अपिलात गेला आहे. म्हणजे चोवीस लाखांपैकी सहा लाख आले, आणि ज्यांचे पैसे बुडाले त्यांनी यावर समाधान मानावे, असा या अंगठ्यांचा अर्थ होता.

मी न्यू जर्सीत एका गोदाम कंपनीच्या पगार विभागात एकोणीस वर्षे काम करते. फेडरल न्यायालयाचा पगारजप्तीचा हुकूम माझ्या टेबलावर येतो, तेव्हा "आपला हिस्सा" या शब्दाला किती कमी किंमत असते, ते मला दिसते. आमच्याकडे एक फोर्कलिफ्ट चालक आहे. घरदुरुस्तीच्या नावाखाली म्हाताऱ्या माणसांना फसवणाऱ्या चौघांपैकी तो एक होता. शिक्षा भोगून आल्यावर तो आमच्याकडे लागला. चौघांवर मिळून २,१८,००० डॉलरची भरपाई बसली आहे आणि आदेशात चौघेही संयुक्तपणे व पृथकपणे जबाबदार आहेत, म्हणजे पूर्ण रक्कम चौघांपैकी कोणाही एकाकडून वसूल करता येते. एक मेला, एक देश सोडून गेला, एक अजून तुरुंगात असून तिथल्या मजुरीतून तिमाहीला २५ डॉलर भरतो. त्यामुळे दर पंधरवड्याला या माणसाच्या हातात येणाऱ्या पगाराचा चौथा हिस्सा मी कापते. फेब्रुवारीत त्याचा आयकराचा रिफंडही परस्पर तिकडेच वळला. एकदा पे-स्टब, म्हणजे पगाराची पावती, हातात घेऊन तो माझ्या खिडकीशी आला आणि म्हणाला, "यातले फक्त अकरा हजार माझ्या हाती आले होते." आवाज चढलेला नव्हता. मी त्याला कपातीची ओळ दाखवली आणि न्यायालयाच्या लिपिकाचा पत्ता लिहून दिला. मला त्याची कणव आली, पण आदेश चुकीचा आहे असे वाटले नाही, कारण ज्या म्हातारीचे छप्पर उघडे राहिले, तिला त्याच्या अकरा हजारांशी काय करायचे आहे?

१९९६ च्या कायद्याने इथे अमेरिकेत हे पक्के केले. अनेक गुन्ह्यांत भरपाईचा आदेश देणे न्यायाधीशांवर बंधनकारक आहे, आणि आरोपीची ऐपत न पाहता पूर्ण नुकसानीचा आदेश द्यावा लागतो. ऐपत पाहायची ती फक्त हप्ते ठरवताना. आरोपी अनेक असतील तर न्यायाधीश प्रत्येकाला पूर्ण रकमेसाठी जबाबदार धरू शकतात किंवा सहभाग आणि परिस्थिती पाहून वाटणीही करू शकतात. पूर्ण रकमेची जबाबदारी दिली, तर पीडिताला एकूण रकमेपेक्षा जास्त मिळत नाही, मात्र ती भरेपर्यंत चौघांपैकी कोणीही सुटत नाही. हे देणे सुटकेनंतर वीस वर्षे अंगावर राहते, आणि माणूस मेला तरी त्याच्या मालमत्तेवर राहते.

आपल्याकडे कायदाच नाही, असे ग्रुपवर एकाने लिहिले. ते खरे नाही. भरपाईसाठी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३५७ होते; १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३९५ आले. अंकुश शिवाजी गायकवाड या महाराष्ट्रातल्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले की प्रत्येक फौजदारी खटल्यात भरपाईचा विचार न्यायालयाने केलाच पाहिजे आणि त्याची कारणे नोंदवली पाहिजेत. भरपाई न भरल्याबद्दल कैद भोगली तरी भरपाई चुकत नाही, हेही २०१७ मध्ये त्याच न्यायालयाने स्पष्ट केले. "प्रत्येकी" हा शब्द कुठून आला, तर १९८८ च्या हरिसिंग खटल्याकडे बोट दाखवता येते. मारहाणीत वाचा गेलेल्या माणसाला पन्नास हजार रुपये देताना न्यायालयाने ते आरोपींनी समान हिश्शाने भरावेत असे म्हटले, आणि आरोपी अनेक असल्यास, ऐपतीत मोठा फरक नसेल तर, समान वाटणी करता येईल असेही म्हटले. त्या निकालाचा हेतू पीडिताला उदारपणे द्यावे हा होता. आमच्या गावात मात्र त्या समान हिश्शाचा अर्थ, अण्णांचा हात झटकण्याचा हक्क, असा झाला आहे.

हे सगळे मी ग्रुपवर लिहिले. तेव्हा दादाने, माझ्या थोरल्या भावाने, मला स्वतंत्रपणे एक आकडा पाठवला: अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षकांच्याच अहवालानुसार २०१६ च्या आर्थिक वर्षाअखेर तिथे ११० अब्ज डॉलरची भरपाई थकलेली होती आणि त्यांतली १०० अब्ज वसूल होण्यासारखी नव्हती. "तुझ्या फोर्कलिफ्टवाल्यासारखे जे सापडतात, तेच भरतात," असे त्याने लिहिले. आकडा खरा आहे. पण सापडलेल्याने पूर्ण भरावे आणि न सापडलेल्यांशी त्याने भांडावे, हे ठेवीदाराने चौघांच्या मागे धावण्यापेक्षा मला आजही बरे वाटते. पिग्मी भरणाऱ्या भाजीवालीने अपिलाच्या तारखा का मोजाव्यात?

त्या रात्री दादाने फोन केला आणि मला ठाऊक नसलेली गोष्ट सांगितली. त्या पतसंस्थेत आईची तीन लाखांची मुदत ठेव होती. मी पाठवलेल्या पैशांतलीच ती होती. बुडाल्याचे तिने मला कळू दिले नाही. "ती म्हणाली असती, तिकडे असं होत नाही," इतकेच आईने माझ्याबद्दल दादाला सांगितले, आणि ती बरोबर होती, मी तसेच म्हटले असते. पावती अजून तिच्या कपाटातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, देवाच्या पोथ्यांखाली आहे. संस्थेचे व्याज थांबल्यापासून दादा दर महिन्याला अडीच हजार रुपये स्वतःच्या पगारातून आईच्या खात्यात भरतो आहे, तिला वाटावे की मुद्दल बुडाले तरी वरच्या ओळखीने निदान व्याज चालू आहे.

मी दर महिन्याच्या एक तारखेला आईच्या खर्चाचा निम्मा वाटा पाठवते. एकोणीस वर्षांत एक महिना चुकलेला नाही, आणि हे मी ग्रुपवर दोनदा तरी सांगितले आहे. अण्णांच्या पावतीवर मला जो राग आला, त्यातला काही भाग या निम्म्याचा होता, हे मला दादाचा फोन ठेवल्यावर उमगले. आईची औषधे, दवाखाना, कोर्टातल्या ठेवीदारांच्या रांगेत उभे राहणे, हे कोणत्याही निम्म्यात बसवलेले नव्हते. ते जवळ असणाऱ्याने उचलले, जसा पगारावर असणारा फोर्कलिफ्टवाला उचलतो.

हिशेब माझा धंदा आहे. साडेचार वर्षांचे अडीच हजार म्हणजे १,३५,००० रुपये, मुद्दल वेगळे. मी दादाला पूर्ण रक्कम पाठवते म्हटले. तो म्हणाला, "राहू दे, निम्मे माझेच आहेत." मी तीनदा विचारले तरी खाते क्रमांक त्याने अजून पाठवलेला नाही.