नादारी म्हणजे कर्जमाफी नव्हे

"कर्ज फिटत नाही? नव्या दिवाळखोरी कायद्याखाली अर्ज टाका. पर्सनल लोन, क्रेडिट कार्ड सगळं माफ! अमेरिकेसारखा सैल कायदा आला, म्हणूनच लोक मुद्दाम दिवाळं काढतात." हा मेसेज घेऊन आमच्या चाळीतले शिवणकाम करणारे काका परवा माझ्याकडे आले. पाच हप्ते थकलेले. "अर्ज कुठे मिळतो रे?"

काकांसाठी तो नवा कायदा अजून सुरूच झालेला नाही. 2016 च्या दिवाळखोरी संहितेतला, म्हणजे त्या नव्या कायद्यातला, व्यक्तींचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून लागू झाला, तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना. वर्षाला 60 हजारांच्या आत कमावणाऱ्या, स्वतःच्या मालकीचं घर नसलेल्या माणसाचं 35 हजारांपर्यंतचं कर्ज सोडवायची सोय त्यात आहे, पण तीही कागदावरच. मग सैल काय झालं?

सामान्य माणसाला आजही इंग्रजांच्या वेळचे कायदे आहेत: मुंबई, कोलकाता, चेन्नईत 1909 चा, बाकी ठिकाणी 1920 चा. या 1920 च्या कायद्यात नादार, म्हणजे दिवाळखोर, ठरलं की मालमत्ता कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते. काकांचं शिलाई मशीन कारागिराचं हत्यार म्हणून वाचेल, पण बायकोला लपवून ठेवायला दिलेल्या पैशांचा हिशेब कोर्ट मागेल. कर्जातून मुक्तता आपोआप मिळत नाही, ती कोर्टाकडे मागावी लागते. मालमत्तेतून देण्याच्या रुपयामागे आठ आणेही निघत नसतील, तर त्यात आपला दोष नाही हे आपणच कोर्टाला पटवायचं. तोवर नादारी लपवून 50 रुपयांची उधारी केली तरी गुन्हा.

राहिली अमेरिका. तिथे 2005 मध्ये कायदा उलट कडक केला. त्याआधीच्या घाईत त्या वर्षी 20 लाखांवर अर्ज आले, पुढच्या वर्षी सहा लाखांच्या आसपास उतरले. पण 2010 मध्ये, तोच कडक कायदा असताना, आकडा पुन्हा 15 लाखांवर गेला. मधे मंदी आली, नोकऱ्या गेल्या, घरं गेली. माणसं हौसेनं कोर्टात गेली नव्हती.

मेसेजमध्ये जामीनदाराचं नावही नाही, याचा मला सगळ्यात राग आला. कर्जदार नादारीतून सुटला तरी जामीनदार सुटत नाही. काकांच्या पतसंस्थेच्या कर्जाला त्यांचे साडू जामीन आहेत. हे सांगितल्यावर काकांनी फोन पालथा ठेवला. "म्हणजे उद्या वसुलीवाले त्याच्या दारात?"

सोमवारी आम्ही तिघं पतसंस्थेत जाणार आहोत, हप्ते लहान करून मागायला.