सात किल्ल्यांनी इंटरनेट बंद होत नाही

भाचीला शाळेत ‘इंटरनेट’ या विषयावर पाच मिनिटं बोलायचं आहे. काल तिने भाषणाचा कागद मला वाचायला दिला. पहिलंच वाक्य: ‘इंटरनेटच्या किल्ल्या जगात फक्त सात माणसांकडे आहेत. त्यांनी ठरवलं तर एका क्षणात सगळं बंद!’ कुठून आणलंस म्हटलं, तर घरच्याच ग्रुपवरचा फॉरवर्ड. मलाही तो तीनदा आलाय, मी सोडून दिला होता. पण आता तो पोरीच्या भाषणात शिरलाय, म्हणून हे लिहितोय.

फॉरवर्डमधले दावे चार. अणुयुद्धात टिकावं म्हणून अमेरिकन लष्कराने इंटरनेट बांधलं, ते आजही अमेरिकेच्या मालकीचं आहे, सगळं जग १३ सर्व्हरवर चालतं, आणि हे सात किल्लीदार.

आधी किल्ल्याच घेऊ. किल्ल्या आहेत, हे खरं. पण कशाच्या? आपण साइटचं नाव टाकतो तेव्हा त्या नावाचा आकडी पत्ता शोधून देते ती डीएनएस यंत्रणा. मधेच कुणी खोटा पत्ता देऊ नये म्हणून उत्तरावर डिजिटल सही करण्याची सोय आहे, आणि २०१० पासून या यंत्रणेच्या मूळ यादीवरही (.com, .in असे शेवट कुणाकडे विचारायचे, ते सांगणाऱ्या) तशी सही होते. ती ज्या गुप्त किल्लीवर अवलंबून आहे, ती एल सेगुंडो (कॅलिफोर्निया) आणि कल्पेपर (व्हर्जिनिया) इथे तिजोरीतल्या उपकरणात असते. फॉरवर्डमधले ‘किल्लीदार’ म्हणजे तिथले विश्वस्त: प्रत्येक ठिकाणी सात, म्हणजे चौदा. गुप्त किल्लीच्या राखीव प्रतीसाठी आणखी सात वेगळेच. विश्वस्ताच्या खिशातली किल्ली साधी धातूची. तिने तिजोरीतला छोटा कप्पा उघडतो, कप्प्यात स्मार्टकार्ड असतं, आणि तीन जणांची कार्डं लागल्याशिवाय उपकरण चालू होत नाही. वर्षातून साधारण चारदा हे काम होतं, एकेक पायरी लेखी क्रमाने, कॅमेऱ्यासमोर. त्याचं थेट प्रक्षेपण कुणालाही बघता येतं. यात बंद करायचं बटण कुठे आहे?

फेब्रुवारी २०२० मध्ये एल सेगुंडोत तिजोरीचं कुलूपच उघडेना. काम पुढे ढकललं, ड्रिलने कुलूप फोडलं, मग सह्या झाल्या. त्या दिवसांत कुणाचं इंटरनेट अडलं? कुणाचंच नाही, कारण पुढच्या काही महिन्यांच्या सह्या आधीच करून ठेवलेल्या असतात. दोन महिन्यांनी साथीमुळे विश्वस्तांना प्रवास करता येईना, तेव्हा एकदम नऊ महिन्यांची बेगमी करून ठेवली. सह्या फारच लांबल्या तर सही तपासणारे सर्व्हर अडतील, एवढं मान्य. पण तपासणी थांबवून तेही चालवता येतात.

मला खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. ही सात जणांची गोष्ट ऐकून माणूस चुकीच्या दाराकडे बघत बसतो. जानेवारी २०११ मध्ये इजिप्तमध्ये लोक रस्त्यावर उतरले होते, आणि २७ तारखेच्या रात्री जवळजवळ सगळ्या देशाचं इंटरनेट तोडलं गेलं. सुमारे पाच दिवस. किल्लीदार लागले नाहीत, तिजोरी लागली नाही. सरकारने कंपन्यांना सांगितलं, कंपन्यांनी जोडण्या काढल्या. इंटरनेट असंच बंद होतं, एकेका देशात, हुकमाने. हे मुलांना कोण सांगणार?

१३ सर्व्हर? मूळ यादी देणाऱ्या सर्व्हरची ती १३ नावं आहेत, चालवणाऱ्या संस्था १२, आणि त्या नावांमागे जगभर पसरलेली यंत्रं हजाराहून जास्त.

अणुयुद्धाबद्दल अर्धं खरं आहे. रँड या अमेरिकन संशोधन संस्थेत पॉल बरान यांनी हल्ल्यात टिकणाऱ्या जाळ्याचा विचार केला होता, आणि अर्पानेटला, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या जाळ्याला, पैसा अमेरिकेच्या संरक्षण खात्याचाच होता. पण व्हिंट सर्फ, बॉब कान, लिओनार्ड क्लाइनरॉक वगैरे खुद्द ज्यांनी हे उभारलं, त्यांनी मिळून लिहिलेल्या इंटरनेटच्या इतिहासात तळटीप आहे: अर्पानेट अणुयुद्धासाठी, ही अफवा रँडच्या त्या अभ्यासावरून उठली आणि ती खोटी आहे. यापुढे मला दुसरा पुरावा नको. अर्पानेटमागची अडचण साधी होती. पेंटागॉनमध्ये, हे जाळं सुरू करणारे अधिकारी बॉब टेलर यांच्या खोलीत तीन टर्मिनल होती, तीन वेगळ्या संगणकांची, आणि प्रत्येकाची रीत निराळी.

अमेरिकेची मालकी? २०१६ च्या सप्टेंबरअखेरपर्यंत मूळ यादीतल्या बदलांवर अमेरिकेच्या वाणिज्य खात्याची देखरेख होती, आणि ती यादी सांभाळणारी आयकॅन आजही कॅलिफोर्नियातच आहे. हे नाकारत नाही. पण देखरेख म्हणजे मालकी नव्हे. केबल आणि जाळी हजारो वेगवेगळ्या कंपन्यांची, संस्थांची आहेत.

भाचीने पहिलं वाक्य खोडलंय. आता भाषण सुरू होतं २९ ऑक्टोबर १९६९ ला, अर्पानेटवरच्या पहिल्या संदेशापासून: लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून ‘लॉगिन’ टाइप करायला घेतलं, ‘एल’ गेलं, ‘ओ’ गेलं, आणि समोरचा संगणक बंद पडला. इजिप्त घ्यायचं की नाही, यावर आमचा वाद अजून चालू आहे. वेळ पाचच मिनिटं आहे, म्हणते.