सुईचा अहवाल एकटा वाचू नये
स्तनातील गाठीसाठी एफएनएसी (बारीक सुईने पेशी काढून तपासणे) आणि बायोप्सी (ऊतीचा तुकडा काढून तपासणे) जणू एकच, असे एका लेखात वाचले, ते पटले नाही. बारीक सुईतून सुट्या पेशी येतात व त्या काचपट्टीवर पसरून पाहतात. कर्करोग आहे हे त्यातून कळू शकते, पण तो दुग्धनलिकेतच आहे की बाहेरच्या ऊतीत शिरला आहे, हे कळत नाही. त्यासाठी साधारण १४ गेजच्या जाड सुईने काढलेला, काडीसारखा अखंड तुकडा लागतो, आणि संप्रेरक-ग्राहकांची (कर्करोगाच्या पेशींवर हार्मोन्सना प्रतिसाद देणारे ग्राहक आहेत का, याची) चाचणीही त्यावरच भरवशाने होते. गाठ हाताला टणक लागत असेल, सोनोग्राफीतही संशयास्पद दिसत असेल आणि बारीक सुईचा अहवाल मात्र निर्दोष असेल, तर नमुना नेमका गाठीतून आलाच नसेल, ही शक्यता धरून तपासणी पुन्हा करण्याचा आग्रह रुग्णाने जरूर धरावा.