दोन स्टार, मागच्या एक्सलचे दोन बुश आणि सहा तास

नमस्कार सर,

तुमच्या गाडीच्या मागच्या एक्सलचे (दोन मागची चाकं जोडणाऱ्या दांड्याचे) बुश तुमच्या दारात येऊन बदलले, त्यावरचा तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला. फोन दोनदा उचलला गेला नाही आणि अंगणातल्या पेव्हर ब्लॉकवर गंज सोडवायच्या स्प्रेचे तांबूस डाग राहिले, याबद्दल मनापासून माफी मागतो. डाग रॉकेल आणि निरम्याने निघतात. नाही निघाले तर मी स्वतः येऊन घासून देईन.

पण सर, तुम्ही लिहिलंय की "यूट्यूबवर 40 मिनिटांत होतं ते काम यांनी सहा तास केलं, आणि काम संपल्यावरही अर्धा तास गाडीखाली उगाच लोळत होते." हे वाचून रात्री जेवण गेलं नाही. कालपासून दोन गिऱ्हाइकांनी ठरलेलं काम पुढे ढकललंय, म्हणून इथे सगळ्यांसमोर सांगतो.

आम्ही साडेदहाला आलो. डाव्या बाजूचा बोल्ट सव्वाअकरापर्यंत हातात होता, तो तुम्हीही पाहिला. अडलं ते उजव्या बाजूला. तिथे पाना लावला तर गोटी (बोल्टच्या डोक्यावर बसणारं सॉकेट) नुसती घसरते. टॉर्च मारून बघितलं, बोल्टचं डोकं गोल झालेलं. आधीच्या रविवारी तुम्ही स्वतः व्हिडिओ बघून पाना मारून पाहिला होता, हे वहिनींनी ताक देताना सहज सांगितलं. फोनवर मी विचारलं होतं, "आधी कोणी हात लावलाय का?" तुम्ही "नाही" म्हणालात. घरी करून बघणं हा काही गुन्हा नाही, मीही असाच शिकलो. आधी कळलं असतं तर नवा बोल्ट सोबत आणला असता. म्हणजे तसा तो एरवीही आणायला हवा होता, ही माझी चूक, मान्य.

आता तो बोल्ट का निघत नव्हता ते ऐका. बुश म्हणजे एक्सल गाडीला जोडतात तिथला सांधा: बाहेर एक कडं, आत लोखंडी नळी आणि मध्ये चिकटवलेलं रबर. बोल्ट त्या आतल्या नळीतून जातो. बारा वर्षांच्या गाडीत बोल्ट आणि नळी गंजून एकजीव होतात. पाना ओढला की बोल्ट फिरल्यासारखा वाटतो आणि सोडला की मागे येतो. फिरत काहीच नसतं, फक्त रबर पिळतं. तुम्ही खुर्चीवर बसून "अहो फिरतोय की!" म्हणत होतात, तो हाच प्रकार. गॅसची ज्योत लावून तापवला असता तर दहा मिनिटांत सुटला असता, पण एक्सलच्या पुढेच डिझेलची टाकी आणि शेजारून ब्रेकचा पाइप. तुमच्या दारात ते धाडस मी करणार नाही. म्हणून ब्रॅकेट आणि बुश यांच्या फटीत हॅक्सॉचं नुसतं पातं घालून, हाताला फडकं गुंडाळून, बोल्ट दोन्हीकडून कापला. पाती पाच तुटली. मे महिन्यातली जळगावची दुपार, खाली फरशी तापलेली. माझा भाचा वैतागून म्हणाला, "मामा, आते कितला येळ लागी?" मी म्हटलं, बोल्टलाच विचार.

तो भाचा मोबाईलवर बोलत होता, असंही तुम्ही लिहिलंय. सर, तो अजिंठा चौफुलीवरच्या दुकानदाराला त्याच मापाचा बोल्ट आहे का, हे विचारत होता.

बोल्ट निघाल्यावर खरं काम सुरू होतं. एक्सल खाली घ्यायचा, हँडब्रेकची केबल आणि ब्रेकचे पाइप क्लिपमधून सोडवायचे म्हणजे ओढ बसणार नाही, पुलरने, म्हणजे ओढून काढायच्या अवजाराने, जुने बुश काढायचे. नव्या बुशच्या रबरात पोकळ्या असतात, त्या ठरलेल्या दिशेलाच यायला हव्यात. जुन्याची दिशा मी खडूने एक्सलवर आखून घेतली होती, ती रेघ अजून दिसेल.

आणि तो "उगाच लोळण्याचा" अर्धा तास. चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर रबर त्याच जागी धरलं जातं. मग गाडी जमिनीवर आली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. म्हणून मागची चाकं दोन सागाच्या फळ्यांवर चढवली, गाडी चार वेळा दाबून बसवली आणि गाडीचं वजन चाकांवर असताना खालून शेवटचा आवळ दिला. तेवढ्या फटीत माणूस लोळूनच जातो. हा अर्धा तास मी वाचवला असता तर तुम्ही चोपड्याला हळदीला वेळेत पोहोचला असतात, आणि दिवाळीला मला पुन्हा 3,200 मिळाले असते.

त्या 3,200 मध्ये बुशची जोडी, बोल्ट, मजुरी आणि येणंजाणं सगळं आलं. सहा तासांचे वेगळे पैसे मागितले नाहीत. तुटलेल्या पात्यांचेही नाहीत.

स्पीडब्रेकरवर अजून बारीक कटकट येते म्हणता. ती डाव्या शॉकअपच्या वरच्या रबराची असावी. निघताना बोललो होतो, तुम्ही "नंतर बघू" म्हणालात, घाईत होतात.

यापुढे खाली ताडपत्री अंथरू, वेळेचा अंदाज आधी सांगू, फोनचंही काहीतरी बघतो.

500 किलोमीटर झाले की गाडी घेऊन या, बोल्ट तपासून देतो, पैसे नकोत. आणि सर, माझी 17 ची गोटी घरी सापडत नाहीये. तुमच्या तुळशीच्या कुंडीमागे एकदा बघता का? भाच्याने सामान तिथेच मांडलं होतं.