मालकाचा प्रतिसाद: "दोनदा माणूस आला, तरी गॅस गिझर तीन मिनिटांत विझतो" (१ स्टार)

नमस्कार सर. आधी माफी. पाचची वेळ देऊन आमचा मुलगा साडेसातला पोचला आणि मधे साधा फोनही केला नाही. ते चुकलंच.

पण "एक वायर जोडायला नकार दिला, शेवटी दुसऱ्याने दीडशेत पाच मिनिटांत चालू करून दिला" असं आपण लिहिलंय. ते वाचून उद्या आणखी कोणी तीच वायर जोडून मागेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या दिवशी गिझर पेटून पाच-सात सेकंदांत विझत होता. दोन्ही सेल मिळून स्पार्कच्या वेळी २.३ व्होल्ट दाखवत होते. नवे असले की ३ च्या वर असतात. सेल उतरले की स्पार्क पडतो, पण गॅसचा व्हॉल्व्ह धरून राहत नाही. ज्योत ओळखणाऱ्या पिनेवर काजळीही होती, ती पॉलिश पेपरने काढली. सेल १२०, व्हिजिट २५०. तेव्हा गिझर पेटला होता, आपण स्वतः पाण्यात हात घालून पाहिलात.

तीन-चार मिनिटांनी विझणं हा वेगळाच प्रकार. त्यासाठी दुसऱ्यांदा आलो त्याचे पैसे घेतले नाहीत, ते रिव्ह्यूत कुठे दिसलं नाही, असो. गरम नळाखाली एक लिटरचं माप धरलं तर भरायला २७ सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला सव्वादोन लिटर. शॉवरमधून त्याहून कमी. सहा लिटरच्या गिझरला निदान तीन तरी हवेत. आपला मजला शेवटचा, टाकी शॉवरच्या वर जेमतेम सात-आठ फूट, आणि पाणी बोअरचं, त्यामुळे शॉवरची निम्मी भोकं क्षाराने बुजलेली. पाणी कमी, गॅसची चावी पूर्ण उघडी. अशा वेळी कॉइलमधलं पाणी उकळीला येऊ लागतं आणि बाहेरच्या पाइपवरचा बटणाएवढा, दोन वायरींचा कटऑफ गॅस तोडतो. त्याचं कामच ते.

त्या दोन वायरी एकमेकींना जोडल्या की गिझर विझत नाही, हे खरं. आमच्या शिकाऊ पोरालाही येतं. पण मग कोणी नळ बारीक केला की वाफ आणि उकळतं पाणी अंगावर येतं, कॉइलचे जोड सुटतात. म्हणून नाही केलं आणि करणारही नाही.

त्याऐवजी सांगितलं होतं, ते परत लिहितो. शॉवर काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा. गिझरच्या इनलेटची जाळी धुवा. गॅसची चावी अर्ध्यावर आणा. गार नळ सोबत सोडू नका, त्याने गिझरमधून पाणी आणखी कमी जातं. एवढ्याने भागलं नाही तर छोटा प्रेशर पंप लागेल. पंप आम्ही विकत नाही, तेव्हा यात आमचा काही फायदा नाही. आणि डासांसाठी खिडकीला लावलेला पुठ्ठा कृपा करून काढा. बंद बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो.

वेळेचं आम्ही बघतोय, यापुढे निघताना फोन येईल.

ती वायर मात्र लगेच सोडवून घ्या. आमच्याकडून नको असेल तर दुसऱ्या कोणाकडून. आम्हाला बोलावलंत तर एक रुपया घेणार नाही. तोवर गिझर पेटवू नका.